महाराष्ट्राने ८६५ सीमागावांना आरोग्य योजना लागू केली, तरी बेळगाव भागातील मराठी मतदार नाराज का?

नाराजीचे मुख्य कारण असे की, ज्या सरकारने ही योजना देऊ केली त्याला येथील मतदार मत देऊ शकत नाही आणि ज्या सरकारला तो मत देतो त्याचा या योजनेला विरोध आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांच्या उपस्थितीत दोन्ही राज्यांनी, सर्वोच्च न्यायालयातील सीमावादाच्या २००४ च्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत एकमेकांच्या भूभागावर हक्क सांगायचा नाही, अशी तडजोड स्वीकारली. त्यानंतर काही महिन्यांतच महाराष्ट्राने महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागाला लागू केली, कर्नाटकाने तिला आक्षेप घेतला आणि २०२४ च्या सुरुवातीला बेळगाव जिल्हा प्रशासनाने अर्ज भरून घेणारी केंद्रे बंद केली. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय असल्यामुळे, शेजारच्या राज्याने काढलेला शासन निर्णय कर्नाटकाच्या यंत्रणेवर बंधनकारक ठरत नाही. घोषणा करताना हे मुंबईतील कोणाला ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे. मात्र सीमाभागातील कुटुंबे अगदीच उघड्यावर आहेत, असेही नाही. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि त्यासाठी भाषेची अट नाही. इतरांना मात्र उपचाराच्या ठरलेल्या दराच्या ३० टक्केच, तेही वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत मिळतात.