गाळा घेऊन ठेवलाय, पण लेकीला सायटोकाइन शिकायचंय

प्रश्न : माझं बार्शीत अडत दुकान आहे. मुलगी बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या दवाखान्यासाठी मी मोक्याच्या जागी गाळा घेऊन ठेवला आहे. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, 'मला हिरड्यांच्या आजारातल्या सायटोकाइनवर संशोधन करायचंय.' हे काय असतं आणि यावर पोट भरतं का? मला दहा वर्षांपासून शुगर आहे, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. मी तिला म्हटलं, माझ्यासारख्यांचे दात साफ कर, तेच मोठं काम. माझं काही चुकलं का?

उत्तर : नमस्कार. तुमची काळजी रास्त आहे, तिच्याबद्दल पुढे लिहितेच. पण लेकीच्या डोक्यात कोणता प्रश्न घोळतोय, तो आधी पाहू.

श्रीलंकेतल्या चहामळ्यांतल्या ४८० मजुरांच्या हिरड्या संशोधकांनी १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षं तपासल्या. हे लोक ब्रश वापरत नव्हते, दातांच्या डॉक्टरकडेही जात नव्हते. सगळ्यांच्याच दातांवर किटण होतं, हिरड्या सुजलेल्या होत्या. तरीही साधारण ८ टक्क्यांचे दात झपाट्याने खिळखिळे झाले, ८१ टक्क्यांचा आजार मध्यम वेगाने वाढला, आणि ११ टक्क्यांचा हिरड्यांच्या सुजेपुढे सरकलाच नाही. घाण सारखी, मग नुकसान वेगवेगळं का? तिसऱ्या वर्षाच्या मुलीला हा प्रश्न पडावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

उत्तराचा मोठा भाग त्या सायटोकाइनमध्ये आहे. बाजार समितीत एका कोपऱ्यात भाव फुटला की घटकाभरात सगळ्या अडत्यांना कळतं, हमाल धावतात, काटे लागतात. शरीरात अशी बातमी एका पेशीकडून दुसरीकडे नेणारे रेणू म्हणजे सायटोकाइन. किटणातले जंतू हिरडीला टोचले की तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-१, टीएनएफ असे रेणू सोडतात. रक्तवाहिन्या सैल होतात, पांढऱ्या पेशी धावून येतात. इथपर्यंत ते संरक्षणच असतं. पण जंतू हटत नाहीत आणि हाकही थांबत नाही. मग 'रँकएल' नावाचा निरोप वाढतो आणि हाड खाणाऱ्या पेशी तयार होतात. त्याला अडवणारा 'ओपीजी' नावाचा रेणू असतो, तो कमी पडतो. दाताभोवतीचं हाड झिजतं. म्हणजे दात हलतो तो बराचसा आपल्याच फौजेमुळे.

याचं मला भावलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. एका दुर्मीळ जन्मजात आजारात पांढऱ्या पेशी रक्तातून हिरडीपर्यंत पोहोचू शकत नाहीत आणि लहान वयातच दात पडतात. रखवालदार नाही म्हणून जंतू माजतात, असं सगळे धरून चालले होते. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की त्या हिरड्यांत इंटरल्यूकिन-१७ बेसुमार वाढलेलं असतं. पुढे अशा एका रुग्णाला सोरायसिसचं एक औषध दिलं, जे या साखळीतला आधीचा निरोप अडवतं. हिरड्यांची सूज उतरली. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. पण हेच इंटरल्यूकिन-१७ ज्यांना वापरता येत नाही अशा उंदरांचं हाड जंतूंमुळे उलट जास्त झिजलं होतं. त्यामुळे कोणाचा कोणता निरोप किती दाबायचा, हे काम अजून बाकी आहे, आणि तुमच्या लेकीला त्यात जागा आहे.

आता पोटाचं. माझं स्पष्ट मत : तिने बीडीएस आणि इंटर्नशिप नीट पूर्ण करावी, नीट-एमडीएस, म्हणजे दंतशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीची (एमडीएस) प्रवेश परीक्षा द्यावी आणि पेरिओडॉन्टोलॉजी, म्हणजे हिरड्यांचीच शाखा घ्यावी. तीन वर्षांचा कोर्स आहे, त्यात प्रबंध लिहावाच लागतो. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयांत मिळालं तर खर्चही आटोक्यात राहील. नंतर पीएचडी, शिकवणं, दवाखाना, सगळ्याच वाटा खुल्या राहतात. बीडीएसनंतर थेट प्रयोगशाळेत जाणारेही असतात, पण रुग्णाच्या हिरडीवर हात बसलेला संशोधक या विषयात जास्त उपयोगी पडतो. पीएचडीची चार-पाच वर्षं विद्यावेतनावर काढावी लागतात, ते तुटपुंजं वाटेल. हे तिला आत्ताच सांगा.

त्याआधी तिने स्वतःला तपासावं. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एसटीएस नावाची दोन महिन्यांच्या संशोधनाची योजना आहे, कॉलेजमधल्याच प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली करायची. त्या वर्षीची जाहिरात वाचून तिने अर्ज करावा. हे काम दिसतं कसं, तर दात आणि हिरडीच्या फटीत कागदाची बारीक पट्टी अर्धा मिनिट धरायची. एक थेंबही नाही इतका द्रव मिळतो. लाळ किंवा रक्त लागलं तर पट्टी टाकून द्यायची. मग ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये एकेक नमुना भरायचा, निळा रंग चढतो, आम्ल घातलं की पिवळा होतो, त्या पिवळेपणावरून सायटोकाइन मोजायचं. एक खळगा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. यात तिचं मन दोन महिने रमलं तर तुम्हीच तिला अडवणार नाही. पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रही तिने एकदा पाहून यावं. इंटरल्यूकिन-३ मुळे हाड खाणाऱ्या पेशी कशा रोखल्या जातात, यावर तिथे बरंच काम झालेलं आहे.

गाळा विकू नका, भाड्याने द्या. तिचा निर्णय व्हायला सहज पाच-सहा वर्षं आहेत, आणि एमडीएस झाल्यावर तीच कदाचित तो मागेल.

शेवटी तुमच्याबद्दल. हे रक्त जोरात ब्रश केल्यामुळे येतं असं समजून अंगावर काढू नका. शुगरमुळे हिरड्यांचा दाह वाढतो, आणि तो दाह शुगर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर उपचार केले की तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी शुगर थोडी उतरते, असं दिसून आलंय. येत्या आठवड्यात लेकीच्या कॉलेजच्या ओपीडीत जा, केसपेपर काढा आणि तिला शेजारी उभं राहू द्या. खुणा असलेली बारीक सळई हिरडीत किती मिलिमीटर जाते, ते तिच्याच तोंडून ऐका.