कपाळ दुखतंय ते हेल्मेटमुळे, घोंघाट मात्र बहुतेक पट्ट्यांचा

तुमची तक्रार दुहेरी आहे. तासाभराने कपाळ ठणकायला लागतं, आणि वेग घेतला की कानात वाऱ्याचा इतका घोंघाट होतो की शेजारी सायकल चालवणारा काय बोलतोय ते कळत नाही. दोन्हींवर उपाय म्हणून महागडं एरो हेल्मेट (वाऱ्याचा विरोध कमी व्हावा अशा आकाराचं) घ्यावं का, असं विचारलंय. माझं मत : इतक्यात घेऊ नका. कपाळासाठी कदाचित हेल्मेट बदलावं लागेल, पण ते महागच हवं असं काही नाही. आणि कान झाकत नाही असं कुठलंही हेल्मेट घेतलंत, तरी आवाजात फारसा फरक पडणार नाही.

आधी कपाळ. टेपने भुवयांच्या जरा वरून डोक्याचा घेर मोजून साइझ निवडतात, ते बरोबरच आहे, पण घेर सारखा असला तरी डोक्याचा आकार सारखा नसतो. ५७ सेंमीचं एक डोकं गोल असतं, दुसरं लांबट. लांबट डोक्यावर गोल हेल्मेट चढवलं की कपाळ आणि मागची बाजू दाबली जाते, कानांच्या वर मात्र बोट जाईल एवढी पोकळी राहते. गोल डोक्यावर लांबट हेल्मेट घातलं तर कानशिलं आवळली जातात. तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार वाटतो. खात्री करायची तर घट्ट-सैल करायची मागची डायल पूर्ण सैल करून हेल्मेट घाला आणि पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. डायल न आवळताही कपाळावर लाल वळ उठला, तर कवचच तुमच्या डोक्याचं नाही. जाड पॅड काढून पातळ लावणं वगैरे खटपटींनी थोडं सुसह्य होतं, इतकंच.

वळ उठला नाही, तर डायलवर संशय घ्या. हेल्मेट हलतंय म्हणून लोक ती आवळत सुटतात. पण डायलचा पाळणा, म्हणजे डोकं मागून धरणारी आतली चौकट, मागून ओढतो, म्हणजे कपाळ पुढच्या पॅडवर दाबलं जातं. बऱ्याच हेल्मेटांत हा पाळणा वर-खाली सरकवण्यासाठी आतून दोन-चार खाचा असतात, आणि त्यांचा पत्ताच नसतो कित्येकांना. कवटीच्या मागच्या उंचवट्याच्या खाली तो बसवला की कमी आवळूनही हेल्मेट जागचं हलत नाही. हनुवटीचा पट्टा उघडा ठेवून मान खाली घाला, हलकेच डोकं हलवा. हेल्मेट पडलं नाही तर बास.

किमतीचं म्हणाल तर युरोपातलं ईएन १०७८ किंवा अमेरिकेतलं सीपीएससी, जे सुरक्षा मानक लागू असेल त्याची चाचणी स्वस्त-महाग दोघांनाही पास व्हावीच लागते. जास्तीचे पैसे मुख्यतः वजन, हवा खेळणं आणि फिनिशिंग यांचे.

आता आवाज. आपल्याला वाटतं, भोकांतून वारा शिरतो म्हणून आवाज होतो. खरं तर बराचसा घोंघाट कानाच्या बाहेरच्या भागावर आणि कानापुढच्या पट्ट्यावर हवा फुटून तिचे भोवरे होतात त्याचा असतो. म्हणूनच मान जराशी वळवली की तो लगेच बदलतो. वेगाबरोबर तो झपाट्याने वाढतो. नेहमीच्या वेगातही कानाशी ८५ डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो, आणि तेवढ्या आवाजात रोज आठ तासांपेक्षा जास्त राहू नये असं मानतात. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते. त्यामुळे लांब राइड करणाऱ्यांनी हे नुसतं कटकट म्हणून सोडून देऊ नये.

पट्टे आरशासमोर बघा. कानापुढचा आणि कानामागचा, दोन्ही पट्टे कानाच्या पाळीच्या जरा खाली जुळले पाहिजेत. पुढचा पट्टा गालावर सपाट टेकलेला हवा. तो पिळला गेला असेल किंवा सैल असेल तर वाऱ्यात फडफडतो, तेही बरोबर कानाच्या तोंडाशी. बकलमधून लोंबणारं टोक रबरी कडीत अडकवा. एवढ्यानेच फरक जाणवायला हवा.

त्यापुढे, पुढच्या पट्ट्यावर गुंडाळायची लोकरी आवरणं मिळतात. घरी जाड फरचा तुकडा आणि वेल्क्रो लावूनही करता येतात. बाहेर चित्रीकरण करणारे माइकला केसाळ टोपी घालतात ना, तसंच हे : हवा कानापर्यंत पोचायच्या आधी तिचा जोर मोडतो. मागून येणारी गाडी उलट जास्त स्पष्ट ऐकू येते, कारण आवरण कानापुढे असतं, कानावर नाही. दिसायला विचित्र दिसतात, ते चालवून घ्यायचं. आडव्या वाऱ्यात मात्र उपयोग कमी.

इअरप्लग मी रहदारीत वापरणार नाही. आणि घोंघाटावर मात करायला इअरफोनचा आवाज वाढवत नेणं म्हणजे कानावर दुहेरी मार, मग तो इअरफोन हाडातून ऐकवणारा का असेना.

तरीही नवं हेल्मेट घ्यायचंच ठरलं, तर नेहमीचा चष्मा आणि आत घालायची टोपी घेऊन जा, आणि दुकानात हेल्मेट घालून चांगलं पंधरा-वीस मिनिटं रेंगाळा. दुकानदार बघत बसला तर बसू दे.