आयएसएलचं राहू द्या, या वर्षी मॅचेस किती?

पत्र: सर, आम्ही दांडियाबाजारात राहतो. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, यंदा दहावीला ७८ टक्के मिळाले. सहावीपासून फुटबॉल खेळतो. डावखुरा आहे, लेफ्ट बॅकला, म्हणजे डावीकडच्या बचावात असतो. वर्षात तीन जोड बूट झाले आणि गंमत म्हणजे दर वेळी उजवाच आधी जातो. आता एका परगावच्या निवासी अकादमीचं माहितीपत्रक आलंय, त्याचा फोटो सोबत पाठवते. वर्षाला साडेतीन लाख आणि ‘आयएसएल (इंडियन सुपर लीग) ट्रायलची खात्री’. अकरावी-बारावी बाहेरून द्यायची. मुलगा हट्टाला पेटलाय. मिस्टर म्हणतात, बडोद्यात राहून खेळायचंच तर क्रिकेट खेळ, फुटबॉलवाल्याला कोण विचारतं? एफडी मोडू का, एवढंच सांगा. – एक आई, बडोदा

उत्तर: ताई, नमस्कार.

एफडी मोडू नका. निदान या माहितीपत्रकासाठी तरी नको.

आधी बुटांचं सांगतो, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली ओळ तीच. डावखुरा मुलगा डाव्या पायाने मारतो तेव्हा अंगाचा सगळा भार उजव्या पायावर असतो. म्हणून उजव्याच्या तळाचे स्टड आधी झिजतात. पोरगा नुसता मैदानात जाऊन बसत नाही, खरंच खेळतो, याचा यापेक्षा चांगला पुरावा कुठल्या सर्टिफिकेटात मिळायचा नाही. शिवाय डाव्या पायाचा लेफ्ट बॅक मिळणं प्रशिक्षकांना अवघडच जातं. तेव्हा मुलाकडे काहीच नाही असं मी म्हणणार नाही.

आता ते माहितीपत्रक. मी ते दोनदा वाचलं. हॉस्टेलच्या खोलीचे चार फोटो आहेत, जेवणाचा तक्ता आहे, स्विमिंग पूल आहे. दोन गोष्टी मात्र कुठेच नाहीत. पहिली, ही अकादमी कुठल्या राज्य संघटनेकडे, कुठल्या क्लबच्या नावाने नोंदलेली आहे. दुसरी, पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा तिथे वर्षात स्पर्धेच्या किती मॅचेस खेळतो. आणि ‘ट्रायलची खात्री’ म्हणजे काय हो? ट्रायलला जाणं म्हणजे रांगेत उभं राहणं. रांगेत उभं राहायचे साडेतीन लाख?

तुमच्या मिस्टरांचा प्रश्न जास्त खरा आहे. या खेळात पोट भरतं का, आणि भरलं तर किती दिवस? त्याचं उत्तर आपल्या लीगच्या इतिहासातच आहे, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो. त्यांनाही वाचायला द्या.

देशपातळीवरची पहिली लीग, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग, १९९६ साली सुरू झाली. त्याआधी फुटबॉल म्हणजे डुरंड, संतोष ट्रॉफी आणि कलकत्ता-गोव्याच्या आपापल्या लीग. पहिलं विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटी मिल्सने मिळवलं. कापड गिरणीचा संघ तो. आपल्या बडोद्याला गिरण्यांची ओळख वेगळी करून द्यायला नको. २०११ मध्ये जेसीटीने संघ बंद केला. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची लीग जिंकली, तो संघ २०१० मध्ये बंद झाला. म्हणजे देशाचे विजेते, आणि पाच-पंधरा वर्षांत नाव पुसलं गेलं. खेळाडू वाईट नव्हते. मालकाला खर्च परवडेना, एवढंच.

२००७ मध्ये त्याच लीगचं नाव आय-लीग झालं. पहिला विजेता गोव्याचा डेम्पो. पुढे २०१० च्या डिसेंबरात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने व्यापारी हक्क आयएमजी-रिलायन्स या कंपनीला दिले, पंधरा वर्षांसाठी, ७०० कोटींना. त्यातून २०१४ मध्ये आयएसएल आली: आठ संघ, सगळा खेळ अडीच महिन्यांचा, स्टँडमध्ये सिनेनट आणि क्रिकेटपटू. तेव्हा अधिकृत राष्ट्रीय लीग आय-लीगच होती. झगमगाट एकीकडे आणि मान्यता दुसरीकडे, असा काही वर्षं कारभार चालला. २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तीन गोव्याचे संघ आय-लीगमधून बाहेर पडले. त्याच हंगामात मिझोरामच्या आयझॉल या छोट्या क्लबने आय-लीग जिंकली. तुमच्या चिरंजीवांना ती गोष्ट तोंडपाठ असेल. मलाही ती आवडते, पण एका आयझॉलवर घरातली एफडी मोडत नसतात.

२०१९ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाच्या संमतीने आयएसएल वर गेली, आय-लीग दुसऱ्या पायरीवर आली. खालून वर जायची वाट २०२२-२३ पासून उघडली. आधी पंजाबचा संघ वर गेला, मग कोलकात्याचा मोहम्मेडन. २०२४-२५ च्या आय-लीगचा विजेता कोण, हे तर मैदानावर ठरलंच नाही. स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने जुलै २०२५ मध्ये निकाल दिला आणि चर्चिल ब्रदर्सऐवजी इंटर काशी विजेते ठरले. त्याच जुलैत आयएसएलचा पुढचा हंगामच थांबवला गेला, कारण तो पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपत होता आणि पुढचं काही ठरलं नव्हतं. नव्याने टेंडर काढलं तर एकही बोली आली नाही. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. शेवटी सरकारने मध्ये पडून १४ फेब्रुवारी २०२६ पासून हंगाम जाहीर केला, चौदा संघांचा, पण प्रत्येकाशी एकदाच खेळायचं. आधीच्या वर्षी एका संघाच्या चोवीस साखळी मॅचेस होत्या, त्या तेरावर आल्या.

हे सगळं तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. एवढंच बघा की ज्या मजल्याची खात्री माहितीपत्रकात दिली आहे, त्याची खात्री खुद्द त्या मजल्यावर राहणाऱ्यांना नाही.

शिडी खालून पाहिली तर अशी आहे: जिल्हा आणि राज्याच्या स्पर्धा, त्यावर आय-लीग ३, मग आय-लीग २, मग आय-लीग (२०२६ पासून तिचं नाव इंडियन फुटबॉल लीग), मग आयएसएल. आय-लीग ३ ही पायरी २०२३ मध्येच घातली, आणि तिथे राज्यातून आलेले क्लब खेळतात. म्हणजे गुजरातच्या मुलासाठी दार गुजरात संघटनेच्या क्लब स्पर्धेतून आहे. अहमदाबादचा एआरए हा क्लब आय-लीगच्या सेकंड डिव्हिजनपर्यंत पोचला होता. २०२४ च्या मे महिन्यात गुजरात सुपर लीग झाली, तिच्या सहा संघांत एक वडोदरा वॉरियर्स होता. बरं झालं, पण थोड्या दिवसांच्या लीगने खेळाडू घडत नाही. आपल्याकडची अडचण हीच आहे: गोव्यातल्या पोराला वयोगटाच्या मॅचेस जवळपास मिळतात, आपल्याला त्या शोधाव्या लागतात.

म्हणून एफडीच्या आधी एक वही आणा, दहा रुपयांची. त्यात मुलाने स्वतः लिहायचं: तारीख, कोणाविरुद्ध, किती मिनिटं खेळलो, कुठल्या जागेवर. फक्त स्पर्धेच्या मॅचेस. पोलो ग्राउंडवर संध्याकाळी मित्रांशी खेळलेल्या धरायच्या नाहीत. मागच्या वर्षाची आठवून लिहायला सांगा. माझ्याकडे येणाऱ्या मुलांची ही वही बहुतेक वेळा पहिल्या पानावरच संपते. पाच वर्षं रोज सराव आणि वर्षाला स्पर्धेच्या आठ-दहा मॅचेस. तुमच्याकडेही तसंच निघालं, तर त्याला हॉस्टेल नको, मॅचेस हव्यात.

त्या मिळवायच्या कशा? बडोद्यातल्या नोंदणीकृत क्लबात नाव घाला आणि महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत त्याचं नाव चढलंय का, ते स्वतः डोळ्यांनी पाहा. शाळेकडून सुब्रोतो कप (शाळांची फुटबॉल स्पर्धा) आणि राज्याचा खेल महाकुंभ सोडू नका. जन्मदाखला आणि आधारवरची तारीख एकच आहे ना, आत्ताच तपासा. वय लपवणारे इतके झालेत की वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाच्या हाडाची तपासणी होते, आणि कागदाच्या घोळात खरा मुलगा अडकतो. निवासी अकादमीच हवी असेल तर निवड करून शिष्यवृत्ती देणाऱ्यांच्या चाचण्या द्या. जमशेदपूरची टाटा अकादमी आहे, नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची आहे. त्यांना मुलगा हवा असला तर खर्च त्या करतात. तुमच्याकडे मात्र आधी पैसे मागितले आहेत.

अकरावी बडोद्यातच, रीतसर शाळेत. कॉमर्स घेतलं तर सकाळ-संध्याकाळ मोकळी राहते, आणि तुमच्या घरात निदान एका बाबतीत तरी एकमत होईल. बारावीनंतर खेळ आणि शिक्षण एकत्र करायचं ठरलं तर स्वर्णिम गुजरात क्रीडा विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात, देसरला आहे. अठरा पूर्ण झाल्यावर प्रशिक्षकाचं सुरुवातीच्या पायरीचं डी लायसन्स करून ठेवावं, लेफ्ट बॅक म्हणून नाव झालं तरी आणि नाही झालं तरी. रेल्वे, सैन्यदल, पोलीस इथे खेळाडूंची भरती होते, आणि तिथे आयएसएलच्या ट्रायलपेक्षा राज्याच्या संघातून खेळल्याचा कागद जास्त चालतो.

मिस्टरांना एक सांगा. क्रिकेटचं ते म्हणतात ते बडोद्यापुरतं खोटं नाही. हजारेंपासून पठाण-पंड्यांपर्यंत वाट मळलेली आहे. पण तुमच्याच दांडियाबाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे. तिथे जाणाऱ्या जुन्या पिढीला कोणी विचारलं नव्हतं, मल्लखांबाची लीग कुठे आहे म्हणून. मुलगा रोज दमून घरी येतोय, हे आजच्या दिवसांत लहान नाही.

अकादमीवाल्यांना मी वर म्हटलेले दोनच प्रश्न लेखी विचारा, फोनवर नको: नोंदणी कुठल्या क्लबची आणि गेल्या वर्षी सोळाखालच्या संघाच्या मॅचेस किती. आठवड्याभरात उत्तर आलं तर मला पाठवा, मी वाचून सांगेन. सोबत त्या वहीच्या पहिल्या पानाचा फोटोही पाठवा. आणि पुढचे बूट घ्याल तेव्हा दुकानात उजवा पायही नीट मापून घ्या; घट्ट बुटाने नख गेलं तर महिनाभराच्या मॅचेस जातात.