जोडीदाराच्या व्हिसावर वैमानिकाची नोकरी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी बारामतीला प्रशिक्षण घेऊन डीजीसीएचा, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, व्यावसायिक वैमानिक परवाना मिळवला आहे, लॉगबुकात २१५ तास आहेत. माझे पती डलासला एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करतात आणि येत्या जूनमध्ये मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर तिकडे जाणार आहे. अमेरिकेत वैमानिकांना मागणी आहे, गेल्या गेल्या नोकरी लागेल, असे सासरी सगळे म्हणतात. हे खरे आहे का? शिक्षण वाया जाईल या काळजीने मला झोप लागत नाही.
— एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, गेल्या गेल्या नोकरी लागणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगते, म्हणजे तिकडे गेल्यावर घरच्यांच्या अपेक्षांचे ओझे तुमच्यावर येणार नाही. मात्र योग्य क्रमाने पावले टाकलीत, तर तुमचे २१५ तास तिथेही मोजले जातील.

विमान चालवण्याची परवानगी एफएए, म्हणजे अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था, देते आणि पगार घेऊन काम करण्याची परवानगी इमिग्रेशन खाते देते. या दोहोंचा एकमेकींशी संबंध नाही, आणि तुमचे सारे घोडे दुसरीपाशी अडण्याची शक्यता अधिक आहे. एच-४ वर आपोआप काम करता येत नाही. मे २०१५ पासून एच-४ वरील जोडीदारांना ईएडी, म्हणजे कामाचे अनुमतिपत्र, मिळू लागले. पण त्यासाठी पतीच्या ग्रीन कार्डाकरिता भरलेला आय-१४० अर्ज मंजूर झालेला असावा लागतो, किंवा त्यांचा एच-१बी त्याच प्रक्रियेच्या आधारे सहा वर्षांच्या मर्यादेपलीकडे वाढवलेला असावा लागतो. ग्रीन कार्ड हाती येण्याची गरज नाही, आणि भारतीयांना त्यासाठी किती वर्षे थांबावे लागते हे पाहता हा मोठाच दिलासा आहे. तेव्हा तिकीट काढण्याआधी पतींना एवढेच विचारा की कंपनीने ही प्रक्रिया सुरू केली आहे का आणि आय-१४० च्या मंजुरीची नोटीस आली आहे का. प्रक्रिया सुरूच झालेली नसेल, तर पहिली एक-दोन वर्षे तरी पगाराचा हिशेब मांडू नका. (पती एल-१, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर असते, तर नोव्हेंबर २०२१ नंतरच्या धोरणानुसार तुम्हाला वेगळे ईएडी लागले नसते.)

अनुमतिपत्र मिळाल्यावरही त्याची मुदत डोळ्यांत तेल घालून सांभाळावी लागते. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीपासून नूतनीकरणाचा अर्ज केला म्हणून मुदत आपोआप वाढत नाही; जुने कार्ड संपले आणि नवे आले नाही, तर काम थांबवावे लागते. अर्ज १८० दिवस आधी करता येतो, तो त्याच आठवड्यात करावा.

अनुमतिपत्राची वाट पाहत असताना शिकायला मात्र एच-४ वर आडकाठी नाही. काही प्रकारच्या उड्डाण-प्रशिक्षणाआधी परदेशी नागरिकांना टीएसए या अमेरिकी वाहतूक-सुरक्षा संस्थेची मंजुरी घ्यावी लागते, त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात. तुमच्या भारतीय परवान्याच्या आधारे एफएए केवळ खासगी वैमानिकाचे प्रमाणपत्र देते, तेही ओक्लाहोमा सिटीतील कार्यालयाने डीजीसीएकडून परवान्याची खातरजमा करून घेतल्यावर. हे प्रमाणपत्र मूळ परवान्यावरच उभे असते, म्हणून तो परवाना चालू ठेवा. व्यावसायिक परवान्यासाठी नेहमीच्या मार्गाने २५० तास, लेखी परीक्षा आणि परीक्षकासोबतचे उड्डाण लागते. तुमचे अंतर फार नाही.

निघण्यापूर्वी लॉगबुकाच्या प्रत्येक पानाची बेरीज तपासा, संस्थेचा सही-शिक्का घ्या आणि तारखांतला महिना अक्षरांत लिहून घ्या. आपले ०४/०७ तिथे ७ एप्रिल म्हणून वाचले जाते. कॉकपिटमध्येही सवयी बदलाव्या लागतील. आपण अल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारे उपकरण, हवेच्या दाबानुसार हेक्टोपास्कलमध्ये लावतो, तिथे पाऱ्याच्या इंचांत. १०१३ ला सरावलेल्या कानावर रेडिओतून ‘टू नाइनर नाइनर टू’ (२९.९२ इंच, म्हणजे तोच दाब) पडते, तेव्हा सुरुवातीला हात क्षणभर थबकतो. लहान विमानतळांपैकी बहुतेकांवर नियंत्रण टॉवर नसतो, वैमानिक स्वतःच आपली जागा रेडिओवर सांगत उतरतात. पहिले काही तास अनुभवी प्रशिक्षकाबरोबर उडा. हा खर्च टाळण्यासारखा नाही.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. ‘पगार नको, तास द्या’ या बोलीवर कोणासाठी विमान उडवू नका. फुकट मिळालेल्या उड्डाण-तासांनाही एफएए मोबदला मानते, आणि अनुमतिपत्राविना केलेले काम पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी आडवे येऊ शकते.

विमान कंपनीत सह-वैमानिक होण्यासाठीही २०१३ पासून एटीपी, म्हणजे विमान कंपनीच्या वैमानिकाचे, प्रमाणपत्र लागते, म्हणजे साधारण १५०० तास. २००९ साली बफेलोजवळ झालेल्या अपघातानंतर हा नियम आला. तिथले बहुतेक तरुण हे तास प्रशिक्षक म्हणून भरून काढतात. तुम्हीही ईएडी आल्यावर प्रशिक्षकाची नोकरी हेच पहिले उद्दिष्ट ठेवा. पुढे कंपन्यांच्या जाहिरातींत देशाबाहेर मुक्तपणे ये-जा करता येण्याची अट दिसेल. एच-४ चा शिक्का पासपोर्टवर चालू नसेल तर ती अट पाळणे कठीण जाते.

प्रश्न: माझे पती जर्मनीत ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांच्या निवास-परवान्यावर, आहेत. तिथे स्थिती वेगळी आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: कामाच्या बाबतीत फार वेगळी आहे. जर्मनीत कुटुंबासाठी मिळालेल्या निवास-परवान्यावर नोकरी करता येते, वेगळे अनुमतिपत्र लागत नाही. तिथे अडचण परवान्याची येते. विमान कंपनीत जायचे असेल, तर युरोपीय नियमांनुसार एटीपीएल या विमान कंपनीच्या वैमानिक परवान्याच्या १३ विषयांची लेखी परीक्षा, व्यावसायिक वैमानिकांसाठीची क्लास वन वैद्यकीय तपासणी आणि कौशल्य-चाचणी असा मार्ग आहे. त्यात वेळ आणि पैसा दोन्ही भरपूर जातात. वैद्यकीय तपासणी सर्वांत आधी करून घ्या, म्हणजे तिथेच काही अडले तर पुस्तकांवरचा आणि शिकवणीवरचा खर्च वाचेल. जर्मन भाषेचे वर्गही त्याच महिन्यात सुरू करा, कारण तिथल्या अनेक नोकऱ्यांसाठी ती मागितली जाते.