आधी एकच काम, पण पूर्ण तिचं

मोठेपणी स्वतःचं स्वतः सांभाळता यावं म्हणून लेकीला आठव्या वर्षीच कामं शिकवायला सुरुवात करताय, वेळ उत्तम आहे. फक्त एकदम पाच कामं शिकवायला घेऊ नका. एकच निवडा, उदाहरणार्थ रात्री दप्तर भरणं, आणि ते पूर्णपणे लेकीवर सोपवा. आधी करून दाखवा, मग दोघींनी मिळून, मग ती एकटी.

नवे पालक हमखास चुकतात ते इथे:

- तिने केलेलं काम तिच्यादेखत पुन्हा नीट करणं. हे खरंच टाळा, मुलं त्यानंतर प्रयत्नच सोडू शकतात.
- दिवसभर आठवण करत राहणं.
- वही राहिली की धावत शाळेत नेऊन देणं. राहू दे. ‘वही विसरले, उद्या आणते’ हे बाईंना तिनेच सांगायचं. आपली चूक आपणच सांगून निस्तरणं, पुढे नोकरीतही हेच लागतं.

पैशांचा हिशेब, स्वयंपाक वगैरे नंतर बघू. महिनाभर एवढंच करा, तुम्हाला नक्की जमेल.