‘बाप झालो, पण बाळाबद्दल काही वाटतच नाही’

दीड महिन्याच्या मुलीचा बाप समोर बसला होता. बराच वेळ मोबाइलशी चाळा करून म्हणाला, “मॅडम, सगळे म्हणतात, पहिली बेटी धनाची पेटी. मला मात्र तिला बघून काहीच वाटत नाही. पहाटे रडायला लागली की घराबाहेर निघून जावंसं वाटतं. हे कुणाला सांगू?” (त्याच्या परवानगीनेच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

आधी झोप, भूक, कामातलं लक्ष, जीव नकोसा होतो का, हे सगळं विचारून घेतलं. बाळंतपणानंतरचं नैराश्य बापालाही येतं. उदासी दोन आठवडे हटली नाही तर डॉक्टरांना दाखवावंच. मानसिक मदतीसाठीचा टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रीही चालू असतो. पण याला नैराश्य नव्हतं.

“दिवसातून किती वेळ घेता तिला?”

तो गप्प. मालिशला बाई, अंघोळीला सासूबाई, रात्री बायको. त्याने हात पुढे केले की, “राहू द्या, तुम्हाला मान धरता यायची नाही.” म्हणतात मायेनेच, पण बाप दारातच उभा राहतो. मला हे फार खुपतं.

मी त्याला चॅप्लिनच्या १९२१ सालच्या ‘द किड’ या मूकपटाची गोष्ट सांगितली. बोळात सापडलेलं तान्हं बाळ तो भटक्या आधी दुसऱ्याच्या बाबागाडीत ठेवू पाहतो. जमत नाही, तेव्हा रस्त्याकडेच्या गटाराची जाळी उचलून आत डोकावतो! बाळाला सांभाळा अशी चिठ्ठी सापडते, तेव्हा कुठे घरी नेतो. मग कॉफीच्या किटलीच्या तोटीला दुधाच्या बाटलीचं बूच लावून ती दोरीने टांगतो, चादर फाडून लंगोट करतो, खुर्चीला भोक पाडून खाली भांडं ठेवतो. माया कधी आली ते कुठे सांगितलेलंच नाही. आपण फक्त त्याचे हात बघत राहतो. पाच वर्षांनी अनाथाश्रमाची माणसं पोराला उचलून नेतात, तेव्हा तोच माणूस छपरांवरून धावत सुटतो. १९१९ मध्ये चॅप्लिनचा स्वतःचा पहिला मुलगा तीन दिवसांचा होऊन गेला होता. हेही त्याला सांगितलं. तो खाली बघत राहिला.

काम एकच दिलं: संध्याकाळची अंघोळ तुमची. सासूबाईंनी शेजारी बसून सांगायचं, हात लावायचा नाही. त्यांच्याशी मी फोनवर बोलले, आधी नाराज झाल्या, मग म्हणाल्या, “पाणी मात्र मीच बघणार.”

तीन आठवड्यांनी तो म्हणाला, “प्रेम वगैरे माहीत नाही. पण ढेकर येईपर्यंत तिला खाली ठेववत नाही.”

पुढची वेळ मी सहाची देत होते. “सहा नको, मॅडम,” तो म्हणाला, “तेव्हा अंघोळ असते.”