समानुभूती आणि इंगित

प्रश्न असा आला आहे: ‘एम्पथी’ला, म्हणजे दुसऱ्याला वाटतं ते आपल्यालाही वाटण्याला, सहानुभूती म्हणावं की समानुभूती? आणि दुसऱ्याचा हेतू ओळखणंही त्याच शब्दात धरायचं का?

फोड केली तर सहानुभूती म्हणजे सोबतीनं घेतलेला अनुभव, म्हणजे एम्पथीच की! पण वापरात तो शब्द ‘सिम्पथी’च्या वाट्याला गेला आणि त्याला दयेचा वास लागला. ‘तुमची सहानुभूती नको मला’ असं माणूस फणकारतो, ते त्यामुळेच. म्हणून समानुभूती आली. शब्द चांगला आहे, फक्त त्यातला ‘सम’ जरा जास्त कबूल करून बसतो, जणू दोघांचा अनुभव तंतोतंत सारखाच.

२००४ साली मेंदूचा अभ्यास करणाऱ्या टानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी १६ स्त्रियांच्या मेंदूंचं स्कॅनिंग केलं. वेदना कधी त्यांच्या हाताला दिली, कधी जोडीदाराच्या. मेंदूतल्या इन्सुलाचा पुढचा भाग आणि सिंग्युलेट कॉर्टेक्स हे दोन भाग दोन्ही वेळा सक्रिय झाले. वेदना नेमकी कुठे, कशी हे नोंदवणारा भाग मात्र स्वतःला दुखलं तेव्हाच. म्हणजे दुःखाचा क्लेश पोचतो, चटका पोचत नाही. गंमत म्हणजे हृदयाची धडधड, पोटातली कालवाकालव यांची खबरही इन्सुलाच ठेवतो. आपण ‘पोटात तुटलं’ म्हणतो, हात दुखला म्हणत नाही!

हेतू ओळखण्याचं खातं वेगळं. दुसऱ्याला काय वाटतंय, तो काय समजून चाललाय हे ताडताना कानाच्या वर-मागे, मेंदूचे टेम्पोरल आणि पेरायटल खंड जुळतात तिथला भाग, विशेषतः उजवा, कामाला लागतो. इंग्रजीत याला ‘थिअरी ऑफ माइंड’ म्हणतात. प्रीमॅक आणि वुडरफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७८मध्ये चिंपांझींबद्दल लिहिताना ही संज्ञा आणली. ‘मनाचा सिद्धान्त’ हे भाषांतर मला अगदीच बेचव वाटतं. ‘परचित्तज्ञान’ म्हणावं तर योगसिद्धी आठवते. आपल्याकडे ‘इंगित’ आहे ना! मूळ अर्थ मनातला भाव उघड करणारी हालचाल, पुढे मनातला हेतूच. इंगित ओळखणं म्हणा. ठकालाही ते उत्तम जमतं, पोटात काही न तुटता. म्हणून दोन्हींना एकच शब्द नको.

इटलीच्या पार्मातल्या संशोधकांना माकडांत ‘मिरर न्यूरॉन’ सापडले, म्हणजे स्वतः कृती करताना आणि ती दुसऱ्यानं केलेली पाहतानाही चेतणाऱ्या मेंदूपेशी. त्यांना आरसापेशी म्हणायला हरकत नाही. पण त्या दुसऱ्यानं वस्तू उचललेली पाहूनही चेततात, एवढ्यावरून त्यांना समानुभूतीचं उगमस्थान ठरवणं घाईचं आहे.

आणि हो, सुटा शब्द समानुभूती, पण समासात ‘समानुभूतिशील’. तिथे ‘ति’ ऱ्हस्व.